तुझी मतं, माझं नाव

शकू, तू जाऊन अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत मी एक कादंबरी वाचली, एक सिनेमा पाहिला, आणि दोन्हींबद्दल मला काय वाटलं ते मला सांगता येत नाही. कादंबरी वाईट नव्हती. सिनेमाही वाईट नव्हता. दोन्ही आपल्या कामाचे होते, म्हणजे मधले. पुस्तक मिटल्यावर मी सवयीनं फोनकडे पाहिलं आणि मग बराच वेळ पुठ्ठ्यावरून हात फिरवत बसले.

या जागी दर आठवड्याला माझा लेख येतो. आठ वर्षं येतो आहे. वाचणाऱ्यांची समजूत अशी की अमरावतीत मराठीची एक निवृत्त प्राध्यापिका आहे, ती फारशी बोलत नाही, पण पुस्तकं आणि सिनेमे यांच्याबद्दलची तिची मतं मोठी ठसकेबाज असतात. त्यातलं न बोलणं तेवढं माझं आहे. ठसका तुझा होता. हे वाचकांकडे तोंड करून सांगायला मला धीर होत नाही, म्हणून तुझ्याकडे तोंड करून सांगते आहे. त्यांनी बाजूला उभं राहून ऐकावं.

अकोटच्या वाचनालयात एका कार्डावर एकच पुस्तक मिळायचं. कार्ड माझ्या वडिलांचं होतं. तुझ्या घरी कार्ड नव्हतं. त्यासाठी गावातल्या कुणा ओळखीच्या माणसाची सही लागायची आणि तुझे बाबा कापसाच्या जिनिंगमधून घरी आल्यावर अशा सहीसाठी कुणाच्या दारात जाणारे नव्हते. सोमवारी मी पुस्तक आणायची, गुरुवारी तुला द्यायची, शनिवारी ते परत जायचं. दोन दिवसांत तू ते वाचायचीस, तेही पाणी भरून आणि भाकरी करून. ग्रंथपाल चांगली पुस्तकं काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवत. उघड्या मांडणीवर उरत ती मधली. त्यामुळे आपण दोघी मधल्या पुस्तकांवर वाढलो. नोंदवहीत मात्र नाव माझ्याच घरचं लागायचं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं.

एका कादंबरीत एक बाई तीन पानं खिडकीपाशी उभी होती. बाहेर सांज होत होती आणि तिला काय काय आठवत होतं. मी त्या पानांत खूण म्हणून मोराचं पीस घालून ठेवलं होतं. शनिवारी शाळेच्या पायऱ्यांवर पुस्तक परत देताना तू म्हणालीस, "तीन पानं उभी आहे वं ते बाई. तेवढ्या वेळात आमच्या घरी आठ घागरी पाणी होते." मी हसले आणि ते पीस काढून दप्तरात टाकलं. त्यानंतर ती पानं मला कधीच सुंदर वाटली नाहीत. पण तू म्हणेपर्यंत वाटली होती, हेही मी तुला सांगितलं नाही.

आपला नियमही तूच केलास. "चांगल्या पुस्तकावर बोलाले शहाणं माणूस लागते. वाईटावर बोलाले रिकामं माणूस लागते. आपन दोघी मधल्यावर बोलू." पुढे मी एम.ए. होऊन अमरावतीला कॉलेजात शिकवायला लागले आणि तू नर्सिंग करून अकोल्याच्या दवाखान्यात सिस्टर झालीस, तेव्हाही नियम तोच राहिला. रविवारी दुपारी तीनला तुझा फोन यायचा. प्रकृती, सासू, पगार, ऊन, यांवर पाच मिनिटं, आणि मग तू म्हणायचीस, "हं, मास्तरीन, काय वाचून राहिली?" मी नाव सांगायची. बाकीचं तूच सांगायचीस, कारण ते पुस्तक एव्हाना तुझंही वाचून झालेलं असायचं आणि वर एक सिनेमाही पाहून झालेला असायचा.

मला मत लवकर होत नाही. हा माझा जुना दोष आहे. वर्गात शिकवताना तो लपून जायचा, कारण तिथे मतं पुस्तकात छापलेलीच असत.

निवृत्तीच्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी, जो आता या पेपरची पुरवणी पाहतो, घरी आला. "मॅडम, पुस्तकं-सिनेमांवर हलकंफुलकं लिहा ना." मला बरं वाटलं. चार दिवस बसून मी एका नव्या कादंबरीवर लिहिलं. 'आशय व्यापक असला तरी मांडणी काहीशी विस्कळीत झाली आहे' असं त्यात एक वाक्य होतं, आणि बाकीची वाक्यंही त्याच्याच घरची होती. रविवारी तुझा फोन आला. त्याच कादंबरीचा विषय निघाला. तू म्हणालीस, "हा कलेक्टर फाईल कवा वाचते वं? चारशे पानात जंगलातल्या बंगल्यात बसून निसता उसासे टाकते. एक सही नाई केली त्यानं."

फोन ठेवल्यावर मी माझं वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'चारशे पानांच्या या कादंबरीचा नायक जिल्हाधिकारी आहे. तो एकाही कागदावर सही करत नाही.' लेख छापून आल्यावर विद्यार्थ्याचा फोन आला. "मॅडम, असंच पाहिजे. दर आठवड्याला असंच."

पुढच्या रविवारी तीन वाजता मी फोनशेजारी वही आणि पेन्सिल घेऊन बसले होते.

पेन्सिलचा आवाज फोनमधून जातो हे मला माहीत नव्हतं. "लिहून राहिली काय वं?" तू एकदा मध्येच विचारलंस. "नाही गं, मेथी निवडतेय," मी म्हणाले. इतकं पटकन उत्तर मला आयुष्यात कशाचं सुचलं नव्हतं. त्यानंतर दर रविवारी मी मेथी निवडत होते. "घरात तुमी दोन माणसं. किती मेथी खाता वं?" तू विचारायचीस. एकदा मे महिन्यात म्हणालीस, "इकडं तं पाला दिसून नाई राहिला. अमरावतीले भेटते काय?" मी म्हणाले, "मिळते की." तू केवढी हसलीस. ते हसू मी मेथीच्या खात्यात टाकलं आणि पुढचं पान उलटलं.

आमचा पेपर अकोल्यालाही जातो. तू तो वाचत नसशील असं मी धरून चालले. सोयीचं होतं म्हणून धरून चालले.

तुझी बोली मी धुऊन काढायची. 'कवा'चं 'केव्हा', 'नाई'चं 'नाही'. तू जन्मभर 'मी पायतो, मी करतो' म्हणालीस. मी अकोट सुटल्याबरोबर 'पाहते, करते' म्हणायला शिकले होते. तुझं वाक्य माझ्या भाषेत आलं की थोडं गार व्हायचं, पण तरीही माझ्या स्वतःच्या कुठल्याही वाक्यापेक्षा गरम असायचं.

कादंबऱ्या आणि सिनेमांमधल्या मरणांवरचा लेख आठवतो का? तू तीन रविवार त्याच विषयावर होतीस. "मरता मरता एवढं लंबं भाषन कोनी नाई देत. दम लागून राहिला त्याले, अन् तो लेकीले उपदेश करून राहिला." मग म्हणालीस, "माणूस पाणी मागते. नाई तं म्हणते पंखा बंद कर. एकानं मले इचारलं, सिस्टर, माह्या चपला कुठं आहेत? तेच शेवटचं." सिनेमातल्या मशीनवर सरळ रेघ आली की नर्स तोंडावर हात धरून रडते, त्याचा तुला फार राग होता. "रडत नाई बसत आमी. पयले तार पायतो, निघाली काय म्हणून."

तो लेख माझा सगळ्यात गाजलेला. इथल्या एका महिला मंडळानं मला शाल-श्रीफळ दिलं. एका डॉक्टरांनी पत्र लिहिलं, 'आपण मृत्यू फार जवळून पाहिलेला दिसतो.' शकू, मी माझ्या वडिलांच्या मरणाच्या वेळीसुद्धा बाहेर दवाखान्याच्या खिडकीपाशी फॉर्म भरत उभी होते. डॉक्टरांना मी उत्तर पाठवलं, 'निरीक्षणाची सवय आहे, इतकंच.' ते पत्र आजही माझ्याकडे आहे. शाल मात्र मी कपाटात तळाशी घातली आहे, दिसू नये अशी.

इथवरचं सगळं कदाचित तू हसण्यावारी नेलं असतंस. पुढचं तसं नाही.

तीन वर्षांपूर्वी एक सिनेमा आला होता. बरा होता. त्यातला नवरा दारू पितो, बायको एक गाणं म्हणते आणि गाणं संपता संपता तो बाटली फेकून देतो. तू म्हणालीस, "एका गाण्यात कोनी नाई सोडत." इतक्या वर्षांत तू तुझ्या नवऱ्याच्या पिण्याबद्दल माझ्याजवळ उघड बोलली नव्हतीस. देविदासभाऊजींची दारू सुटून तेव्हा बरीच वर्षं झाली होती, तेवढंच मला माहीत होतं. तू म्हणालीस, "माह्यानं सहा डाव सोडली. सहाव्या डावाले खरंच सुटली, पन तोवर माह्या भरवसाच सरला. आता तो बिचारा रोज चांगला वागते, अन् मी अजून शर्ट धुवाले टाकताना वास घेतो."

माझी पेन्सिल थांबली नाही.

मी ते लिहिलं. सिनेमाच्या परीक्षणात, शेवटच्या परिच्छेदात, 'एक बाई मला माहीत आहे' असंही न म्हणता, जणू मलाच सुचलं अशा थाटात. 'दारू खरोखर सुटते तेव्हा घरातल्या बाईचा भरवसा संपलेला असतो. सहा वेळा फसलेली ती शर्ट धुवायला टाकताना अजूनही त्याचा वास घेते.' मी 'सहा'सुद्धा बदललं नाही. चांगलं वाक्य हाती लागलं की हात कापत नाहीत, हे मला त्या दिवशी स्वतःबद्दल कळायला हवं होतं. तेव्हा मी फक्त शब्दसंख्या मोजली.

त्यानंतर तीन रविवार तुझा फोन आला नाही. मीही केला नाही. तीन वाजता मी खुर्चीत बसायची आणि साडेतीनला उठायची. ते तीन लेख मी माझ्या मनानं लिहिले, विद्यार्थ्यानं विचारलं, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?" चौथ्या रविवारी फोन वाजला. तू म्हणालीस, "हं, मास्तरीन, काय वाचून राहिली?" आणि एका डाकबंगल्यातल्या भुताच्या कादंबरीबद्दल बोलायला लागलीस. मी म्हणायला हवं होतं, शकू, थांब, आधी त्याबद्दल बोलू. मला वाटलं, तूच विषय काढला नाहीस तर मी कशाला काढू. खरं म्हणजे मला हायसं वाटलं होतं. आणि भूत कसं होतं ते मी उतरवून घेत होते.

मग तुझ्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, चार-चार तास. "चार घंटे बसाचंच आहे तं पिक्चर पायतो मोबाईलवर," तू म्हणालीस. आधी आठवड्याला एक सिनेमा व्हायचा, आता दोन व्हायला लागले, कधी तीन. हे लिहिताना मला फार लाज वाटते, पण लिहिते: त्या दीड वर्षात माझे लेख सगळ्यात चांगले झाले.

आपलं शेवटचं बोलणं त्याच काळातलं. तुझा आवाज खोल गेला होता. तू म्हणालीस, "एक पायला, पन अर्धाच. डोळे लागले मंग. अर्ध्यावर मत देऊ नये." आणि मी विचारलं, "कधीपर्यंत होईल पाहून?"

पंख्याचा आवाज येत होता तुझ्याकडून. मग म्हणालीस, "पायतो ना वं." हे बोलणं रविवारचं. लेख मंगळवारी द्यायचा असतो. तू बुधवारी गेलीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याहून आले. दारापुढे मांडव होता, पांढऱ्या कपड्यातली माणसं, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोशेजारी तुझा फोटो, नर्सच्या टोपीतला. त्रिसरण-पंचशील झालं. मग माणसं दोन-दोन शब्द बोलायला उठली. तुझ्या वॉर्डातली एक आया इतकंच म्हणाली, "सिस्टर शिव्या देत होत्या पन सुट्टी देत होत्या," आणि बसली. ती सगळ्यांत चांगली बोलली. माझी ओळख 'अमरावतीच्या प्रसिद्ध समीक्षक आणि दिवंगत सिस्टरांच्या बालमैत्रीण' अशी करून दिली गेली. मी सात-आठ मिनिटं बोलले. अकोटचं वाचनालय सांगितलं, कार्ड सांगितलं, खिडकीतली बाई सांगितली. लोक हसले, रडले. सांगायचं होतं ते सोडून मी सगळं सांगितलं.

जेवणं सुरू झाल्यावर तुझी प्रज्ञा माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मावशी, आई शेवटी शेवटी डायलिसिसला थकून जायची. मी म्हणायची, झोप ना, मोबाईल ठेव. तर म्हणे, नाई वं पोरी, मंगळवार आला. मी पायलं नाई तं मास्तरीन लिहिणार काय?"

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. मेथीसुद्धा. माझ्या ताटात बुंदी होती, मी तिच्याकडे पाहत राहिले. प्रज्ञाला माझं काही कळलं नसावं, कारण ती पुढे बोलतच होती, बाबा आता एकटे कसे राहतील, पण तसे ते सगळं करतात. "शर्ट तर तीन वर्षं झाली, स्वतःच धुतात. आईला हातच लावू देत नव्हते."

तीन वर्षं, शकू.

निघताना भाऊजी मला फाटकापर्यंत सोडायला आले. त्यांनी चपला घातल्या नव्हत्या. आम्ही दोघं रिक्षाची वाट पाहत उभे होतो. मग त्यांनी विचारलं, "ताई, एक इचारू काय? तो शर्टाचा मजकूर आला होता पेपरात. मी शकूले इचारलं होतं तवा. ते म्हणे, मी काही नाई सांगतलं, मास्तरीननं आपल्या मनानं लिहिलं, लेखक लोकायचं काय, काहीबी लिहितात." ते माझ्याकडे पाहत नव्हते, रस्त्याकडे पाहत होते. "तर ते तिचं होतं, का तुमच्या मनचं?"

तू माझ्यासाठी खोटं बोलली होतीस. ते तीन रविवार तू माझ्यावर रागावून बसली असशील असं मला वाटत होतं. तू तर घरात मला झाकत होतीस.

मी म्हणाले, "माझ्या मनचं."

"बरं," भाऊजी म्हणाले. रिक्षा आली.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी स्वतःला समजावत होते की हे मी त्यांच्यासाठी केलं. त्यांना आता कशाला दुखवायचं, तूही हेच सांगितलं होतंस, तुझा शब्द मी राखला. नंतर तेही धड पटेना. काहीही म्हटलं तरी तुझं वाक्य मी पुन्हा एकदा माझ्या नावावर करून घेतलं होतं, आणि या वेळी तुझ्याच दारात उभी राहून.

घरी येऊन मी हा लेख लिहायला बसले. पाच दिवस लागले. इथपर्यंत आले तेव्हा लक्षात आलं की भाऊजी तो छापलेला वाचतील. त्यांनी तो पेपरात वाचण्याआधी माझ्या तोंडून ऐकायला हवा. म्हणून काल मी पुन्हा अकोल्याला गेले.

ते घरी एकटेच होते. चहा त्यांनीच केला. मी म्हणाले, "भाऊजी, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले. लिहून आणलंय, वाचून दाखवते." ते भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. कलेक्टरपाशी हसले. शर्टापाशी मी थांबले तेव्हा डोळे न उघडता म्हणाले, "वाचा, वाचा." मी शेवटपर्यंत वाचलं. तुझ्या दारापर्यंत.

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "मले मालूम होतं."

"कधीपासून?"

"छापून आलं तवाच. ताई, तुमचं लिहिणं मी दर आठवड्याले वाचतो. वाईट नका मानू, पन इतकं खरं तुमाले कुठून सुचन?"

मी विचारलं, "मग त्या दिवशी फाटकात मला का विचारलंत?"

"तुमी काय सांगता ते पायाचं होतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी कागद गोळा करायला लागले. मी म्हणाले, तुम्ही नको म्हणालात तर छापणार नाही. त्यांनी हात पुढे करून कागद घेतले, खिशातून चष्मा काढून लावला आणि बोट फिरवत तो परिच्छेद शोधला. तुझं वाक्य त्यांनी मनातल्या मनात दोनदा वाचलं. ओठ हलताना दिसत होते.

"छापा," ते म्हणाले. "तिचं नाव टाका. माह्यं टाकलं तरी हरकत नाई. फक्त इथं एक चुकलं. सहा डाव नाई, चार. मी चार डाव सोडली होती. दोन तिनं जोडले. पिक्चरचं काही सांगाचं असलं का ते वाढवूनच सांगे." आणि माझ्या हातातल्या पेन्सिलकडे बोट दाखवून म्हणाले, "दुरुस्त करा तेवढं."

मी पेन्सिल पर्समध्ये ठेवली.

"नाही भाऊजी. ते तिचं बोलणं आहे. सहाच राहील."

त्यांनी पुन्हा एकदा त्या ओळीकडे पाहिलं, चष्मा काढला आणि कागद मला परत दिले.

"राहू द्या मंग," ते म्हणाले. "तिच्यासंग वाद घालून मी कवा जिंकलो."